संपला का रे तो गेम?

"दादा,

मी २७ वर्षांचा. नाशिकला सिडकोत राहतो, अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, शिफ्ट ड्युटी. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सात मित्रांनी मिळून एक ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम सुरू केला. मी हीलर, लढाईत बाकीच्यांच्या जखमा भरणारा. पाच महिने कसे गेले कळलं नाही. रोज नवा प्रदेश, नवी गोष्ट, कामावरही डोक्यात तेच. मार्चमध्ये सगळ्यात वरच्या लेव्हलला पोचलो. जुने खेळाडू म्हणतात खरा गेम इथून सुरू होतो. माझा मात्र इथेच संपल्यासारखा झालाय.

रोज घरी आलो की चार डेली (रोजची ठरलेली कामं), दोन डंजन (राक्षसांची भुयारं), टोकन गोळा करायचे. तास-सव्वा तास जातो. चुकवलं तर मागे पडल्यासारखं वाटतं. नवीन चिलखत मिळतं, अंगावरचा ताकदीचा आकडा ४१० चा ४१५ होतो, मग पॅच, म्हणजे गेममधला नवा बदल, येतो आणि ४१५ भंगारात. मजा एकदाच आली. आठ जणांची रेड, म्हणजे टोळीने करायची मोठी चढाई, होती, सात आम्ही आणि एक उसना. दुसऱ्या बॉसवर, म्हणजे तिथल्या बड्या राक्षसावर, एका रात्रीत १९ वेळा मेलो!! आमच्यातला एक जण एरवी तोंड उघडत नाही, त्याला चौदाव्या वेळी कळलं की बॉस जो हात वर करतो त्या बाजूचा मजला फुटतो. अठराव्यांदा बॉसचं रक्त २ टक्के राहिलं होतं. पुढच्या शनिवारी तो पडला, त्यातून एक तलवार निघाली आणि तिच्यावरून आमच्यात वाजलं. दोघं सोडून गेले. आता उरलो पाच.

आई रोज विचारते, संपला का रे तो गेम? तिला काय सांगू? सगळ्यात वरच्या लेव्हलनंतरचा हा एंडगेम असाच असतो का? का मीच चुकीचं खेळतोय? का सोडून देऊ?

– थकलेला हीलर, सिडको"

हीलरभाऊ,

पत्र दोनदा वाचलं. अख्ख्या पत्रात उद्गारचिन्ह एकाच ठिकाणी आहे, बघ. चिलखत मिळालं ते वाक्य साध्या पूर्णविरामावर संपतं. बॉस पडला तिथेही नुसता स्वल्पविराम, आणि लगेच भांडण. उद्गारचिन्ह आहे ते १९ वेळा मेलात तिथे. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तू स्वतःच लिहून पाठवलंयस. उरलेलं अर्धं मी जरा पाल्हाळ लावून सांगतो, कारण या विषयात माझी स्वतःचीही बरीच वर्षं गेलीत.

गेमचं नाव तू लिहिलं होतंस, मी गाळलं. तुझ्या तक्रारीत नाव बदललं तरी बाकी दहा गेमवाल्यांचं पत्र तयार होतं.

आधी आईचा प्रश्न, कारण तोच खरा नेमका आहे. तिच्या माहितीतले खेळ संपतात. कॅरमची राणी जाते, पत्त्यांचा डाव मोडतो, पोरं जेवायला घरी येतात. तुझ्या गेमला संपणं परवडत नाही. लेव्हल वाढवण्याचा भाग म्हणजे एक जाडजूड कादंबरी समज. ती लिहायला शंभर-दोनशे माणसांची वर्षं जातात. तुला ती संपवायला पाच महिने लागले, कारण तुला नोकरी आहे. सुट्टीतलं कॉलेजचं पोरगं तीच दोन आठवड्यांत उडवतं. त्या वेगाने नवी कादंबरी कुणीच पुरवू शकत नाही. म्हणून कमाल लेव्हलनंतर जे काही ठेवलेलं असतं ते पुन्हा पुन्हा करण्याजोगंच असावं लागतं. एंडगेम म्हणजे पुनरावृत्ती, ही गोष्ट टळत नाही. ती कशाची, एवढंच गेम बनवणाऱ्याच्या हातात असतं.

आणि इथे मला तुझी अंबडची नोकरी आठवते. गेटवर थंब लावतोस ना? ते मशीन तुला विचारत नाही की काल मायक्रोमीटर धरून तू किती बारीक चूक पकडलीस. त्याला अंगठा हवा. तुझ्या चार डेली म्हणजे दुसरं थंब मशीन. दहा रानडुकरं मारून आण, तीन पेट्या पोचव, टोकन घे. झोपेत करता येतं, आणि मला वाटतं तू ते झोपेतच करत असणार. त्यात चुकायची सोय नाही, म्हणून जमल्याचं सुखही नाही. खाडा पडल्याची धास्ती मात्र पक्की. कंपनी निदान महिन्याला पगार तरी देते.

दुसऱ्या बॉसने तुझी हजेरी मागितली नव्हती. त्याने तुम्हां आठ जणांकडून काहीतरी वसूल केलं. पहिल्या तीन-चार वेळा नुसता गोंधळ झाला असेल, कोण कशाने मेलं तेही कळलं नसेल. मग कुणीतरी म्हणालं असेल, थांबा, तो ओरडला की दोन सेकंदांनी येतंय. मग तुला कळलं असेल की मोठा हील आधीच संपवून चालत नाही, त्या ओरडण्यासाठी राखून ठेवायला हवा. आणि चौदाव्या वेळी तुमचा तो मुखदुर्बळ मित्र बोलला. चांगला एंडगेम कसा असतो विचारशील तर मी त्या क्षणाकडे बोट दाखवेन. बॉस तोच, तुमचे आकडे तेच, अंगावर एक नवा खिळाही नाही, पण पंधराव्या वेळी तुम्ही आठ जण वेगळे होतात. आणि बॉस प्रामाणिक होता. हात वर करून सांगत होता. आधीही सांगत होता, तुम्ही बघत नव्हतात. मरण आलं की "अरे, ही माझीच चूक" असं वाटलं पाहिजे. "हे काय भलतंच" असं वाटणारे बॉसही असतात, आणि त्यांच्यावर १९ वेळा मेलास तर उद्गारचिन्हाऐवजी शिव्या लिहिशील.

आता थोडा इतिहास, तुला कंटाळा येणार नाही असा. १९९९ साली याच जातीचा एव्हरक्वेस्ट आला, २००४ च्या नोव्हेंबरात वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. त्यातली सुरुवातीची मोठी रेड म्हणजे मोल्टन कोर, चाळीस माणसांची. चाळीस! आपल्याकडे लग्नाच्या बसला चाळीस माणसं वेळेवर जमत नाहीत. तिथे रात्री ठरल्या वेळी चाळीस संगणकांसमोर चाळीस जण, त्यातल्या कुणाचं बाळ रडतंय, कुणाची लाइन तुटलीय. ज्यांनी ते केलं ते आजही हळवे होऊन बोलतात. पण खरं सांगायचं तर त्या चाळिसांत बरेच जण खोगीरभरती असायचे. मागे उभं राहून बटणं दाबायची, लढाई नेमकं कोण जिंकतंय ते कळायचं नाही. २००७ मध्ये वॉरक्राफ्टवाल्यांनी मोठ्या रेड पंचवीस जणांवर आणल्या, दहाचीही एक दिली. २०१६ मध्ये तर पाच जणांच्या डंजनलाच शिडी लावली. तेच डंजन, पण ठरल्या वेळेत पार केलं की पुढची किल्ली एक पायरी वरची, राक्षस जास्त चिवट, वर दर आठवड्याला नियमांत एखादी खोच. शिडीला वरचं टोकच नाही. चाळीसवरून पाचवर येण्यात भव्यपणा गेला हे मी मान्य करतो, पण पाचांत कुणाला लपता येत नाही. प्रत्येकाची चूक दिसते आणि प्रत्येकाचं शहाणपणही. तुम्ही नेमके पाच उरलायत, म्हणून हे एवढं लांबण लावून सांगितलं. तुझ्या गेममधल्या त्या "दोन डंजन"च्या वरच्या अवघड पातळ्या उघडून बघितल्यास का? पत्रावरून वाटतं की तुम्ही खालच्याच पातळीवर टोकनापुरते फिरताय.

तू म्हणशील, मग रोज तेच ते करणं वाईटच का? तसंही नाही, आणि इथे मी स्वतःच गोंधळात पडतो. पांडवलेणीला सकाळी सहाला जाऊन बघ. वर्षानुवर्षं रोज तेवढ्याच पायऱ्या चढणारी माणसं भेटतील. वर पोचल्यावर लेणी तीच, खाली दिसणारं शहर तेच, फक्त दरवर्षी थोडं आणखी पसरलेलं. कंटाळा आलेला एकही चेहरा दिसत नाही. कारण खाडा झाला तर त्यांचं कुणी काही कापून घेत नाही. चार दिवस गेले नाहीत तर पाचव्या दिवशी पायथ्याचा चहावाला विचारतो, कुठे होता? ते विचारणं वेगळं.

ओल्ड स्कूल रनस्केप या गेमचं उदाहरण घे. त्यात एखादं कौशल्य ९९ पर्यंत न्यायला १,३०,३४,४३१ अनुभव-गुण लागतात. आणि गंमत अशी की ९२ व्या लेव्हलला तुम्ही जेमतेम अर्ध्या वाटेवर असता. अर्धी वाट ९२ पर्यंत, उरलेली अर्धी शेवटच्या सात लेव्हलांची! तरी लोक मासे पकडत बसतात, झाडं तोडत बसतात, शेजारच्या खिडकीत मॅच लावून, गप्पा मारत. त्यांना ते विणकामासारखं लागतं. त्यांनी ते आपणहून घेतलंय आणि त्याला आज रात्री बाराची मुदत नाही. तेव्हा तुझ्या डेलीतली एखादी तुला खरंच आवडत असेल, त्या तळ्याकाठी बसून मासे पकडणं वगैरे, तर ती ठेव. पण त्या चारांपैकी किती बक्षीस नसतं तरी केल्या असत्यास, ते एकदा बोटांवर मोज.

आता चिलखत आणि पॅच. तुझी खरी चीड इथे आहे, आणि ती रास्त आहे. पण माझं मत तुला थोडं आडवं वाटेल.

माझ्या मामांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. लहानपणी एप्रिलच्या सुट्टीत तिथे गेलो की मला रडू यायचं. महिन्या-दीड महिन्यापूर्वी जिथे घड लोंबत होते तिथे खरड छाटणी झालेली असायची. वेलीवर पान नाही. ओलांड्यावर एक-दोन डोळ्यांचे खुंट ठेवून बाकी सगळी काडी खाली पडलेली, बाग कशी ओकीबोकी. मामा मात्र निवांत. त्या खुंटांतून पावसाळाभर नवी काडी तयार करायची, मग ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी छाटणी, ती फळासाठी. कुठल्या डोळ्यात घड आहे तो ओळखून वरची काडी उडवायची, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्ट लावायची. आणि पुढे काय, तर पुन्हा एप्रिल. वर्षातून दोनदा सगळं कापून टाकणारा माणूस पंचवीस वर्षं तेच करतो, आणि दर वर्षी त्याचे मनसुबे वेगळे असतात. या वर्षी घड कमी ठेवू, मणी फुगू देऊ. मागच्या वर्षी डाउनी रोग आला होता, यंदा फवारणी आधी.

पाथ ऑफ एक्झाइल नावाचा गेम हेच करतो. साधारण तीन-चार महिन्यांनी नवी लीग, म्हणजे नवा हंगाम. तीत उतरायचं तर सगळे शून्यापासून, जुनी संपत्ती बाजूला, तिला नव्या लीगमध्ये प्रवेश नाही. तुझ्या हिशेबाने हा तर सगळ्यात क्रूर गेम ठरायला हवा. प्रत्यक्षात लोक लीगच्या पहिल्या दिवशी कामावर दांडी मारतात. कारण छाटणीनंतर काहीतरी बदलतं. नवी लीग नवा नियम आणते, मागच्या वेळी बर्फाचा मार्ग घेतला तर यंदा सापळ्यांचा घेता येतो, आणि डोक्यातलं ज्ञान कुणी कापत नाही. मूळ जमिनीत राहतं.

तुझा ४१० चा ४१५ ही छाटणी नव्हे. तुझा आकडा पाचाने वाढला, पुढच्या राक्षसाचाही तितकाच वाढला, तो पूर्वी सात फटक्यांत मरायचा आणि आताही सातच फटक्यांत मरतो. तू ट्रेडमिलवर चालतोयस आणि भिंतीवरचं कॅलेंडर कुणीतरी पुढे सरकवतंय. चिलखत हाती आल्यावर काल जे जमत नव्हतं ते आज जमायला लागलं, एखादी नवी युक्ती सुचली, बंद दार उघडलं, तर त्या चिलखताला अर्थ. नवीन तुकडा मिळाला की स्वतःला विचारून बघ, आता मी वेगळं काय करणार? "तेच, थोडं जोरात" असं उत्तर आलं तर समज.

गिल्ड वॉर्स २ ने याच्या उलट टोकाचा मार्ग धरला. २०१२ ला आला तेव्हा कमाल लेव्हल ८०, आणि आजही ८०. आकडा वर न नेता त्यांनी बाजूला पसरायला जागा दिली. उडायला पंख, फिरायला वाहनं, मिरवायला पोशाख, वर्षभर राबून बनवायची एखादी दंतकथेतली तलवार, जी दोन वर्षांनी परत आलास तरी भंगारात गेलेली नसते. नोकरदार माणसाला हे फार बरं पडतं. पण ऐंशीला पोचल्यावर "आता काय करू, कुणी सांगतच नाही" म्हणून तिथून निघून आलेलेही मी पाहिलेत. काही माणसांना आकडा चढताना दिसला नाही तर करमत नाही, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. मामांनाही टनेज मोजायला आवडायचंच.

आता ती तलवार. इथे मी तुमची बाजू घेणार नाही. बॉस पडायच्या आधी वाटणी ठरवली नव्हतीत, हो ना? एव्हरक्वेस्टच्या काळातच गिल्डांनी, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या टोळ्यांनी, यासाठी गुणांची वही सुरू केली होती. ड्रॅगन मारायला आलास की गुण जमा, वस्तू घेतलीस की वजा. अगदी पतसंस्थेचं पासबुक. काही गिल्डांत चार-पाच जाणत्यांची समिती ठरवते, कुणाच्या हातात वस्तू गेली तर सगळ्यांचा फायदा. फायनल फॅन्टसी १४ च्या अवघड रेडमध्ये आणखी एक सोय आहे. बॉस पाडला की वस्तू कुणालाही मिळो, प्रत्येकाला एक टोकन मिळतं, आणि काही आठवडे टोकनं साठवून हवी ती वस्तू बदलून घेता येते. नशिबाने पाठ फिरवली तरी रिकाम्या हाताने घरी जायचं नाही. या सगळ्यांत मला ही शेवटची पद्धत आवडते. नशिबाची गंमत राहते, नुसती जीवघेणी होत नाही. तुमच्या गेमला ती नसेल तर तुम्हीच कागदावर लिहा: यावेळी याला, पुढच्या वेळी त्याला. लिहिलेलं असलं की बोलायची वेळ येत नाही.

तलवार मिळालेला जो कोण असेल त्याला हेही विचार, की ती घेऊन त्याने पुढे काय केलं? पाच जणांत रेड होत नाही. तलवार पाठीला लावून तो शहराच्या चौकात उभा असेल.

यावरून डायब्लो ३ आठवतो. २०१२ ला आला तेव्हा त्यात लिलावघर होतं, खऱ्या पैशांतही वस्तू विकत मिळायच्या. कागदावर कल्पना सोयीची. पण राक्षस मारून जे मिळवायचं तेच बाजारात स्वस्तात मिळायला लागल्यावर राक्षस मारायचे कशाला? २०१४ च्या मार्चमध्ये बनवणाऱ्यांनीच ते लिलावघर बंद केलं. वस्तूला किंमत येते ती तिच्यामागच्या रात्रीमुळे. ती तलवार दोनशे रुपयांना मिळाली असती तर तुमच्यात वाजलंही नसतं.

माझंही सांगतो. मी कॉलेजला असताना कॉलेज रोडच्या एका सायबर कॅफेत एक कोरियन गेम खेळायचो, तासाला वीस रुपये, रात्रीचा पास घेतला तर स्वस्त. दोन वर्षं राबून निळं चिलखत केलं होतं. एक दिवस नोटीस आली की सर्व्हर बंद होतोय. महिन्याभरात सगळं गेलं. त्या चिलखताचं नावही आता आठवत नाही. पण एका पुलावर दोन बाजूंनी तिरंदाज यायचे आणि मधल्या तिसऱ्या खांबाशी तीन मोजेपर्यंत थांबलं तर बाण डोक्यावरून जायचे, हे आज वीसेक वर्षांनी झोपेतून उठवलंस तरी सांगेन. अगदीच निरुपयोगी माहिती आहे, पण ती माझी आहे.

मग तुमच्या पाचांचं काय? रिचर्ड बार्टल नावाच्या माणसाने, याने १९७८ मध्ये एका मित्राच्या जोडीने असल्या खेळांचा पहिला पूर्वज बनवला, पुढे १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार पत्त्यांच्या रंगांवर पाडले. चौकट म्हणजे आकडा, पदक, यश हवं असलेले. इस्पिक म्हणजे खणणारे, कोपऱ्यात काय आहे ते शोधणारे. बदाम माणसांसाठी येणारे. किलवर दुसऱ्याला हरवण्यात सुख मानणारे. कुणीच निव्वळ एका रंगाचं नसतं, हे मी आपलं सांगून ठेवतो. पण तुमचा अबोल मित्र मला पक्का इस्पिक वाटतो. तलवारीवरून उठून गेलेल्यांत एक तरी चौकट असणार. तू बदाम, नाहीतर सहा महिने हीलर राहिला नसतास. आणि रोजच्या डेली तू एकट्याने करतोस. बदामाने एकट्याने टोकन मोजत बसायचं, मग कंटाळा येणार नाही तर काय येणार?

हीलरच्या थकव्याबद्दल वेगळं बोलायला हवं. सात जणांचं रक्त बघत बसायचं, बॉसकडे मान वर करून बघायलाही मिळत नाही. सगळं नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही, एक मेला की सगळे तुझ्या नावाने ओरडतात. क्वालिटीलाही हेच, नाही का? म्हणजे दिवसा तेच आणि रात्रीही तेच. महिनाभर टँकशी, म्हणजे पुढे उभं राहून मार झेलणाऱ्याशी, अदलाबदल करून बघ. नवशिक्यासारखा मरशील, पण बॉसचा चेहरा समोरून दिसेल.

आता काय करायचं. येत्या सोमवारपासून तीन आठवडे डेली बंद. एकही नाही. पहिले चार-पाच दिवस हात शिवशिवतील, काहीतरी बुडतंय असं वाटेल. बुडू दे, तसंही ते पॅचला भंगारात जाणारच होतं. त्याऐवजी आठवड्यातून दोनच रात्री, साडेनऊ ते साडेअकरा, पाचही जण एकत्र, आणि समोर एकच डंजन, तुम्हाला आज न जमणाऱ्या पातळीचं. पाच वेळा मेलात की दहा मिनिटं थांबायचं, चहा घ्यायचा, कोण कशाने मेलं ते बोलायचं, आणि त्यात पहिलं बोलणं त्या इस्पिकवाल्याचं. नाइट शिफ्टच्या आठवड्यात तू नाहीस, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेव. तुझ्याशिवाय डंजन अडलं तर अडू दे, तेवढ्यात बाकीच्यांना हीलरची किंमत कळेल.

तीन आठवड्यांनी एखाद्या रात्री पुन्हा उद्गारचिन्ह आलं तर खेळत राहा. नाही आलं तर सोड, निदान काही महिने. फायनल फॅन्टसी १४ चे निर्माते नाओकी योशिदा तर खेळाडूंना उघडपणे सांगतात, की काही करण्यासारखं उरलं नसेल तर दुसरे गेम खेळा आणि नवं काही आलं की परत या. जो गेम चार महिने गेलास म्हणून शिक्षा करत नाही, त्याच्याकडे माणूस परत जातो. तुझा गेम कोणत्या जातीचा आहे ते तुला या तीन आठवड्यांत कळेलच.

त्या दोघांना आज फोन कर. मेसेज टाकू नकोस, मेसेजमध्ये तलवारीचा विषय वाढतो. मिसळ खायला बोलाव, सगळे सात जण समोरासमोर बसा, आणि गेमचा विषय त्यांनी काढेपर्यंत तू काढू नकोस. माझा अंदाज आहे की पहिला रस्सा ओतून होईपर्यंत कुणीतरी त्या १९ वेळांबद्दल बोलायला लागेल. तिसऱ्या बॉसचं त्यानंतर बघू.

आईला सांग, गेम संपत नाही, पण बुधवारी आणि शनिवारी साडेअकराला मी उठतो. आणि खरोखर ऊठ. जेवण मात्र साडेनऊच्या आधी ताटावर बसून, कीबोर्डशेजारी ताट ठेवून नव्हे. राऊटर इन्व्हर्टरवर घेतला नसशील तर या रविवारी घे. बॉसचं रक्त २ टक्के राहिलेलं असताना सिडकोची लाइट गेली तर त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

– दादा